समुद्रात पूर कसा येणार

"बाई, तुम्ही सांगता तिथं समुद्र आहे," मुनतासिर साहेब फोनवर म्हणाले आणि त्यांनी डालपुरीचा तुकडा तोंडात टाकला.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे वारा घोंगावत होता आणि त्याच्याही वर हालिमा मेंबरचा आवाज चढत होता. "समुद्र? अहो साहेब, हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी चर हाशेम बेटावर उभी आहे. पायाखाली चिखल आहे, समोर म्हशी बांधल्यात. समुद्रात कुणी म्हशी बांधतं का?"

ढाक्यातल्या पुराचे नकाशे काढणाऱ्या कचेरीच्या गारेगार खोलीत हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. अडाण्यांशी बोलताना हसलं की ते डोक्यावर बसतात, असं त्यांचं मत होतं. ढाक्याबाहेरचे बहुतेक सगळे त्यांच्या मते अडाणीच होते.

साहेब दोन वर्षं जर्मनीत राहून एकच विद्या शिकून आले होते. उपग्रहाकडून चित्र येत नाही, आकड्यांचं बंद गाठोडं येतं. प्रत्येक उपग्रहाची गाठ निराळी. ती सोडवून आकड्यांचा नकाशा करणारा खास प्रोग्राम साहेबांच्या ताब्यात होता. असं काम जाणणारी माणसं देशात बोटांवर मोजण्याइतकी, आणि मोजायला बसलं की साहेब पहिलं बोट स्वतःसाठी दुमडत. उरलेला वेळ नाकानं कांदे सोलण्यात जाई.

त्या प्रोग्रामची एक रीत होती. रंग भरण्याआधी तो आकड्यांवर जमीन-पाण्याचा एक तयार साचा ठेवायचा. साचा जिथं जमीन म्हणेल आणि वादळाचं पाणी चढणार असेल, तिथं लाल. साचा जिथं पाणी म्हणेल, तिथं निळं. समुद्रात पूर कसा येणार? हा साचा परदेशातून आलेला. तो बनला तेव्हा चर हाशेम मेघनेच्या तोंडाशी गाळ होऊन पाण्याखाली पडला होता. पुढं तो वर आला, त्यावर गवत आलं. नदीनं ज्यांची गावं गिळली ती माणसं येऊन राहिली, त्यांनी मतदान केलं, हालिमाला निवडून दिलं. साच्याला हे कुणी कळवलं नाही.

वादळ पहाटे किनाऱ्याला धडकणार होतं. माणसं हलवायला जवळच्या भोला जिल्ह्यातून ट्रॉलर सुटणार होते, तेही नकाशावर लाल असलेल्या ठिकाणीच. हालिमाला तेवढाच लाल ठिपका हवा होता.

"सर," संगणकासमोर बसलेली इफ्फत म्हणाली, "साच्यातले चार चौकोन पाण्याचे जमिनीत बदलायचेत. तुमचा चहा गार व्हायच्या आत होईल."

"आणि उद्या कुणी उठून म्हणेल, माझ्या मामाचं अंगण दाखवा. तेही काढून देशील?" साहेबांनी बोटं पुसली. "हे शास्त्र आहे, इफ्फत. आजीची गोधडी नाही, वाटेल तिथं टाका घालायला. सुधारलेला साचा बाहेरून येईल तेव्हा येईल."

इफ्फतला संताप आला. पण तिच्या बढतीच्या कागदावर साहेबांचीच सही व्हायची होती. तिनं संताप गिळला आणि ती फोनकडे वाकली.

"खाला, आम्ही बघतो."

"बघू नका आपा, ट्रॉलर पाठवा," हालिमा म्हणाली. तेवढ्यात फोन कटला.

नकाशा वेळेत गेला. साहेबांनी त्याआधी चौकटीची रेघ दोनदा जाड करून पाहिली आणि मग बारीकच बरी म्हणून ठेवली. भोल्याचा दक्षिण किनारा लालभडक होता. त्याच्या खाली स्वच्छ निळं. वरून फोन आला की नकाशा फार सुरेख झालाय. साहेबांनी विनयानं मान झुकवली.

वादळ येऊन गेलं. ढग हटले नव्हते, म्हणून ढगांच्या आरपार पाहणाऱ्या उपग्रहाचे आकडे मागवले गेले. हे गाठोडं साहेबांनी स्वतः सोडवलं. प्रोग्राम नवं चित्र त्याच साच्याशी ताडून पाहायचा आणि जिथली जमीन गेली तिथं काळं करायचा. भोल्याच्या काठाला दोन-तीन काळे डाग उमटले. साहेबांनी "अरेरे" म्हटलं.

इफ्फतचं लक्ष डागांकडे नव्हतं. ती खाली, चर हाशेमच्या जागी पाहत होती. सकाळपासून ती हालिमाचा नंबर फिरवत होती आणि तो बंद लागत होता. चित्रात तिथं पाणी होतं, नुसतं पाणी. साच्यातही पाणी. प्रोग्रामनं दोन्ही ताडून पाहिली होती आणि लिहिलं होतं, फरक नाही.

साहेबांनी खुर्ची जवळ ओढली आणि पडद्यावर त्याच जागी पेन टेकवलं.

"बघितलंस? म्हणे म्हशी बांधल्यात! तुझं ऐकून चार चौकोन बदलले असते, तर आज तोंडघशी पडलो असतो. आता सांग, आहे का साच्यात कुठं चूक?"

इफ्फतनं पुन्हा एकदा निळ्यावर नजर फिरवली. साच्यात आता खरंच चूक उरली नव्हती.