दुधातून दिलेलं औषध

"रक्तात वाढीचा घटक जास्त असला की पुढे मेंदूत गाठ होते, ही समजूत चुकीची निघाली," वार्षिक तपासणीचा अहवाल बाजूला ठेवत डॉक्टर म्हणाल्या. "तो घटक कमी करणारं औषध आता कुठल्याच मुलाला देत नाहीत."

केतकी हसली. "बरं झालं, मी ते घेतलंच नाही. शाळेच्या तपासणीत माझा आकडा जास्त आला, तेव्हा आईनं आणलं होतं. पण त्यानं उंची खुंटते म्हणून मी हट्टानं नाकारलं. मला व्हॉलीबॉल खेळायचं होतं ना. तरी उंची साडेचार फुटांवरच अडली, ते माझं नशीब."

शेजारी बसलेल्या तिच्या आईनं, हेमलताबाईंनी, अहवाल उचलून पिशवीत ठेवला. त्यांची धाकटी बहीण मेंदूतल्या गाठीनंच गेली होती. लेकीचंही तसंच होईल, या धास्तीनं तेव्हा त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

बाहेर आल्यावर जिन्यापाशी त्यांनी केतकीचा हात धरला.

"मी ते तुला रोज दुधातून देत होते."

केतकीनं हात सोडवून घेतला नाही. तिनं विचारलं, "कधीपर्यंत?"

"तुझी उंची वाढायची थांबेपर्यंत," हेमलताबाई खाली मान घालून म्हणाल्या.