धर्मपालकाकांची पावलं

रायपूरबाहेरच्या ज्या माळावर लष्कर एकेकाळी बॉम्बफेकीचा सराव करी, तिथं चेतना न फुटलेले बॉम्ब शोधत होती. पुढं माळाची वाट पाठ असलेले वाटाडे धर्मपालकाका चालत. मागच्यानं त्यांच्याच पावलात पाय ठेवायचा, हा नियम.

सकाळी ही पट्टी साफ निघाली होती. आता परतताना तिच्या हातातला धातू शोधणारा डिटेक्टर कोकलला.

“काका, खिशात किल्ल्या राहिल्या काय?”

“नाही वो.”

तिला पटेना. तिनं त्यांच्या अंगावरून डिटेक्टर फिरवला. तो गप्प होता. मग मुरमात उमटलेल्या त्यांच्या पावलावर धरला, तर कोकलला. वीतभर बाजूला गप्प. पुढच्या पावलावर पुन्हा तेच.

काका पुढं निघालेही होते. “काहून थांबली वो पोरी? ये न, माह्या पावलातच पाय ठेव.”

चेतनाचा उचललेला पाय अधांतरी राहिला. दुसरा त्यांच्याच पावलात होता.