मुळांचा अहवाल

सीमंतिनीनं पाच वर्षं ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत मोहरीच्या मुळांवर घालवली होती. मुळांची वाढ रोखणारं जनुक तिनं बंद केलं, तसं वाढीचं संप्रेरक मोकळं सुटलं आणि मुळं दुपटीनं खोल गेली. पण सगळं बळ मुळांनीच खाल्लं. शेंगांत दाणा भरेना. “रिपोर्ट जड़ों की है, दाने का ज़िक्र मत करो,” विभागप्रमुख म्हणाले. तिला नोकरीत कायम करणं त्यांच्याच हातात होतं. तिनं दाण्याचा उल्लेख गाळून अहवालावर सही केली. बियाणं येत्या हंगामात गावोगावी वाटायचं ठरलं. त्या संध्याकाळी शहरातल्या थाटीपूर भागातल्या घरी बाबा पेढे घेऊन आले. “यंदा आपल्या शेतातही तुझीच मोहरी पेरू,” ते म्हणाले. “नको बाबा, आपण जुनीच पेरू,” तिच्या तोंडून निघून गेलं. “आणि बाकीच्यांनी?” बाबांनी विचारलं. सोमवारी तिची नोकरी कायम झाली.