सोयीचा विमानतळ

दाराला कुलूप होतं. नवं, ओळख नसलेलं.

भावाने बॅग उंबऱ्याशी टेकवली आणि कडी वाजवली. कुलूप दिसत असूनही वाजवली. आतून शिलाई मशीनचा आवाज येईल, असं त्याला उगीच वाटत होतं. याच खोलीत तो वाढला. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, ताई सतराची. त्या मशीनच्या खडखडाटावर ताईने त्याला निजवलं, शिकवलं आणि विमानात बसण्याइतका मोठा केला.

गल्ली जुन्या विमानतळाला चिकटून. विमानं इतकी खालून जायची की ताईच्या खिडकीचं सैल तावदान खडखडायचं. विमान आलं की गल्ली बोलता बोलता थांबायची. ते गेलं की अडलेल्या शब्दापासून पुढे सुरू व्हायची. भांडणंसुद्धा अशीच दमादमाने चालायची.

विमानतळावरून इथवर चालत पंधरा मिनिटं. चार वर्षांत तो नऊ वेळा तिथे उतरला होता. ती पंधरा मिनिटं एकदाही चालला नव्हता.

पहिलं खोटं घाईत सुटलं. बाहेर गाडी थांबली होती, बरोबर साहेब होते, आणि ताईकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस. आधी ती टेप घेऊन खांदे मोजणार, मग दंड, मग "वाळलास रे" म्हणत पुन्हा खांदे. तो फोनवर म्हणाला, "अगं, तिकीट नव्या विमानतळाचं मिळालं. शहराचं दुसरं टोक. तुझ्याकडे यायला अडीच तास." मागची घोषणा ऐकू जाऊ नये म्हणून त्याने फोनवर तळहात धरला होता.

"मग नको बाबा, दमशील," ताई म्हणाली.

खोटं पायताणासारखं असतं. एकदा पायाला बसलं की दुसरं घालवत नाही. कालही तो तेच बोलला होता. उद्या बाराला, नव्या विमानतळावर.

पण आजची बैठक संध्याकाळवर गेली. विमान उतरताना खिडकीतून ताईच्या छतावरची पिवळी टाकी दिसली. दर वेळी दिसायची. लहानपणी त्यानेच रंगवलेली. टाकीजवळची कपड्यांची दोरी मात्र आज रिकामी होती. काळजात काहीतरी टोचलं, शिवलेल्या कापडात टाचणी राहून जावी तसं. गाडी सोडून तो चालत निघाला. वाटेत त्याने वाक्य जुळवलं. ताई, मी खोटं बोलत होतो. पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.

"कोण पाहिजे?" शेजारच्या टपरीतून इस्त्रीवाल्याने विचारलं. माणूस गल्लीत नवा होता.

"इथे त्या... शिवणकाम करायच्या."

"ताई होय? गेल्या की खोली सोडून! महिना झाला."

"कुठे?"

"नव्या विमानतळाकडे." इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "मी म्हटलं, अहो ताई, तीस वर्षांची गिऱ्हाइकं सोडून निघालात, तिकडे कुत्रं तरी ओळखतंय का तुम्हाला? तर म्हणतात कशा, माझ्या भावाचं विमान तिकडे उतरतं. अडीच तासांपायी पोराला बहिणीचं दार पारखं झालंय. त्याला जमत नाही, तर मीच जाते उठून." तो हसला. "अजून सांगितलेलं नाही हां त्याला. सकाळीच फोन होता त्यांचा. आज बाराला भाऊ उतरला की गंमत सांगणार म्हणे. नशीब काढलंय हो त्या भावाने! तुम्ही कोण त्यांचे?"

भावाच्या खिशातला फोन वाजला.

"उतरलास का रे?" ताईचा आवाज धापा टाकत होता. "मी गच्चीवर उभी आहे. मघापासून तीन विमानं उतरली, तिन्हींनाही हात केला. तुझं कुठलं होतं, सांग ना! आणि ऐक, एक गंमत आहे. आता तुला माझ्याकडे यायला..."

डोक्यावर विमान आलं. सैल तावदान खडखडलं. भावाचा तळहात सवयीने फोनकडे गेला, आणि अर्ध्यावरच थांबला. त्याने हात खाली घेतला. सगळा आवाज जाऊ दिला.

तिकडे ताईही थांबली होती. तावदान शांत झालं. इस्त्रीवाल्याने इस्त्री पुन्हा हातात घेतली. ताईने मात्र अडलेला शब्द उचलला नाही.

"उन्हात उभा राहू नकोस," ती हळूच म्हणाली. "इस्त्रीवाल्याकडे पाणी माग."