अस्तरला सांभाळणार कोण

"पाण्यानं?" मास्तर दारातूनच ओरडले. "त्याला पाण्यानं आंघोळ घालतोस?"

त्यांचा मुलगा बाथरूममध्ये उभा होता. खांद्यावर टॉवेल, पुढ्यात कोमट पाण्याची बादली आणि छातीशी धरलेला अस्तर. अस्तर म्हणजे घरातला चिंचिला. मिशा उंदराच्या, शेपूट खारीची आणि डोळे कोटाच्या बटणाएवढे. नात शिकायला परगावी गेली आणि जाताना हा प्राणी आजोबांच्या गळ्यात मारून गेली. मास्तरांनी जन्मभर शिंपीकाम केलेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याची लव दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "याला अंग कुठंय? नुसतं अस्तरच आहे." तेच नाव पडलं.

"अरे, एवढी दाट लव, भिजली तर वाळणार कधी? गारठून मरेल तो. त्याला धुळीत लोळू द्यायचं असतं, धुळीत!"

"धुळीत लोळून कुणी स्वच्छ होतं का?" मुलानं भाबडेपणानं विचारलं.

मास्तरांनी अस्तरला काढून घेतलं आणि मनातल्या मनात मुलाच्या नावावर फुली मारली.

प्रश्न गंभीर होता. मास्तरांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. ऑपरेशन केलं तर पुढं बरीच वर्षं, नाही केलं तर फार तर एखादं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "जुन्या कापडाला टाका धरत नाही," असं मास्तरांनी डॉक्टरांना, घरच्यांना आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्यालासुद्धा ठणकावून सांगितलं. मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी कपाटं आवरली, कात्र्या वाटून टाकल्या, कुणाचे कपडे शिवायचे राहिले होते तेही शिवून दिले. मरणाची सगळी तयारी झाली. अडलं ते एकाच ठिकाणी. चिंचिला वीस वर्षं जगू शकतो, असं नात फोनवर म्हणाली. अस्तर तर ऐन जवानीत होता. आपल्यामागं त्याला बघणार कोण?

मास्तरांची खरी भिस्त सुनेवर होती. बाई हुशार, हाताला चव, जिभेला धार. पण दुसऱ्याच दिवशी ती पिंजऱ्यापुढं क्रीमचं बिस्किट घेऊन बसलेली सापडली.

"रोज मेलं सुकं गवत खातो हो बिचारा. मला बघवत नाही, बाबा."

"अगं, त्याचं पोट गवताचंच आहे! हे गोडधोड खाऊन आडवा होईल तो."

"अगंबाई!" सून म्हणाली आणि बिस्किट तिनं स्वतःच्याच तोंडात टाकलं.

राहता राहिली लेक. ती रविवारी माहेरी आली. मास्तर जेवून हात धुवायला गेले आणि परत येऊन बघतात तर एसी बंद, आणि बाईसाहेबांचा हात खिडकीच्या कडीवर.

"जरा ऊन लागू दे की त्याला," ती म्हणाली.

"ऊन लागलं की संपला तो! त्याला गारवा लागतो!"

"बरं. मग उचलून त्या कोपऱ्यात ठेवू? शेपटीला धरूनच उचलायचं ना?"

मास्तर मटकन खुर्चीत बसले. उडदामाजी काळे-गोरे, काय निवडावे निवडणाऱ्याने! शेजारीपाजारी चौकशी करून झाली. न्हावी तयार होता, पण त्यानं विचारलं, "याची हजामत कधी करायची?"

संध्याकाळी मास्तरांनी बारीक धुळीचं भांडं पिंजऱ्यात ठेवलं. अस्तरनं त्यात गरागरा कोलांट्या घेतल्या. मास्तरांचा चष्मा पांढरा झाला, तरी ते हलले नाहीत. रात्री जेवताना मान वर न करता म्हणाले, "त्या डॉक्टरला फोन लावा. माझ्यासाठी नाही. तुमच्यासारख्यांच्या हाती हा मुका जीव सोपवून मला सुखानं मरताही यायचं नाही."

मुलाच्या हातातला चमचा ताटात पडला. सून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

ऑपरेशनच्या दिवशी मास्तरांची ट्रॉली थिएटरच्या दाराशी पोचली तेव्हा एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला लेक चालत होती. सून मागं होती. ती एकदम पुढं आली आणि तिनं ट्रॉलीचा दांडा धरला.

"बाबा, तुम्हाला फसवून आत पाठवलं तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही. आम्हाला येतं हो सगळं. नात तुमची शिकवून गेलीय आम्हाला. पाणी, बिस्किट, ऊन, सगळं नाटक होतं. डोकं माझं होतं. तुम्ही हवे आहात आम्हाला, म्हणून केलं."

लेकीनं तोंडाला पदर लावला. मुलानं कपाळावर हात मारला. आता म्हातारा ट्रॉलीवरून उतरणार आणि तसाच घरी चालू लागणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही. ट्रॉली ढकलणारा वॉर्डबॉयसुद्धा थांबला.

मास्तरांनी तिघांकडं एकेकदा पाहिलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तिघांपैकी एकालाही धड नाटक येत नाही."

"मग तुम्ही..."

"अगं, ऑपरेशनला नाही म्हटलं ते घाबरून. दुसऱ्याच दिवशी वाटायला लागलं, जगायला हवं. पण एवढं ठणकावून नाही म्हटल्यावर हो म्हणायचं कुठल्या तोंडानं?" मास्तरांनी तिचा हात दांड्यावरून हळूच सोडवला आणि आपल्या हातात घट्ट धरला. "किती उशीर लावलात! आणखी थोडे दिवस तुम्हाला काही सुचलं नसतं, तर हकनाक मेलो असतो की मी!"