न वाचलेला अलार्म

अणुवीजकेंद्रातल्या ऑपरेटरच्या परवान्याची परीक्षा पास होऊन शैलेश पुण्याजवळ भुकूमला आपल्या घरी आला. त्याच्या बायकोने, जुईलीने, पेढे आणले होते. पहिला पेढा तोंडात घातला आणि त्याला अलार्म ऐकू आला. परीक्षेत सिम्युलेटरवर वाजला होता, तोच.

"तुला ऐकू येतंय?"

"काय?" जुईलीने विचारलं.

त्याने इन्व्हर्टर बंद केला, लिफ्टपाशी जाऊन आला, पौड रस्त्याकडची खिडकी लावली. दुपारभर आवाज थांबेना.

शेवटी त्याने तिला सांगून टाकलं. परीक्षेत तो अलार्म कशाचा आहे हे पडद्यावर न वाचताच त्याने बंद केला होता. परीक्षकांना वाटलं, परीक्षेत शेजारी बसलेल्या सौरभने केला. सौरभ नापास झाला आणि शैलेश गप्प राहिला.

"आत्ताच फोन करून खरं सांगतो."

जुईलीने त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला. "वेडा आहेस का? परवाना जाईल तुझा. सौरभ काय, पुन्हा बसेल. कुणाला काही सांगायचं नाही."

"बरं," तो म्हणाला.

त्याच क्षणी आवाज थांबला. घर इतकं शांत झालं की त्याला रडूच आलं.

जुईली मात्र कान देऊन उभी होती.

"शैलेश," ती हळूच म्हणाली, "हे काय वाजतंय?"