बुजगावणं

परराष्ट्र खात्यात बदली होऊन आलो, तेव्हा साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, "मंत्र्यांपुढे नेहमी तीन पर्याय ठेवायचे. पहिला असा मिळमिळीत, की लाज वाटावी. तिसरा असा आततायी, की घाम फुटावा. मग ते मुकाट्याने मधला उचलतात. मधला म्हणजे आपला." तिसऱ्याला आम्ही बुजगावणं म्हणायचो. अकरा वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. या वेळी गस्तीच्या बोटीवरून शेजारी देशाशी बिनसलं, तेव्हाही मी मधला पर्याय चार दिवस घासूनपुसून लिहिला. बुजगावणं चहा निवायच्या आत उरकलं: 'सीमेवरच्या नदीचा पूल अनिश्चित काळासाठी बंद करावा.' आधी 'आठ दिवस' लिहिलं होतं. आठ दिवसांना कोण घाबरतंय, म्हणून खोडलं. आज दुपारी फाइल परत आली. हिरव्या शाईची खूण तिसऱ्यावर होती, खाली सही. मी साहेबांकडे धावलो. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आदेश गेलासुद्धा. मंत्र्यांना तुमची भाषा फार आवडली." तेवढ्यात बायकोचा फोन आला. ती कालच पूल ओलांडून लेकीकडे गेली होती, पहिल्या नातीला बघायला. "अहो, इथे पुलावर फाटक लावतायत," ती म्हणाली. "तुमच्याच खात्याचं काम ना हे? किती दिवसांचं आहे?" माझ्या कच्च्या कागदावरचे खोडलेले शब्द अजून वाचता येत होते. "आठ दिवस," मी म्हणालो.